दाताच्या डॉक्टरांची खुर्ची

कुशनवाल्याच्या तोंडात सकाळी नऊपासून खिळे असत. सोफ्याला कापड ठोकायचे तर एका हाताने ते ताणून धरावे लागते, दुसऱ्या हातात हातोडी असते आणि तिसरा हात माणसाला दिलेला नाही. म्हणून बारीक खिळ्यांची चिमूट तोंडात टाकायची, जिभेने एकेक खिळा ओठांत आणायचा, तो बोटांनी उचलायचा आणि ठोकायचा. तीस वर्षे हे असेच चालले होते. खिळे तोंडात ठेवून तो गिऱ्हाइकांशी बोलायचा, चहा प्यायचा, एकदा तर शिंकलाही होता, आणि एकही खिळा इकडचा तिकडे झाला नव्हता. “आपल्या तोंडात पोलाद आहे,” असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. गाल धरून चाललेला माणूस रस्त्यात दिसला, की त्याला मनापासून हसू येई.

त्या सोमवारी अकराच्या सुमाराला एक खिळा जिभेवरून घसरला, उजवीकडच्या खालच्या दाढेखाली गेला, आणि नेमका त्याच वेळी कुशनवाल्याने दात आवळले. बारीकसा आवाज झाला. मग एक कळ दाढेतून निघाली, कानात गेली, कानातून डोक्यात गेली आणि तिथे तिने बिऱ्हाड केले. त्याने सगळे खिळे हातावर थुंकले आणि एका वाटीत ठेवले.

दुकानाच्या दाराशी बायको मशीनवर उशांच्या खोळी शिवत बसली होती. तिने मशीन थांबवले.

“काय झालं?”

“काही नाही. खिळे मोजतोय.”

“तीस वर्षांत कधी मोजले नाहीत.”

“म्हणूनच मोजतोय.”

बायकोने मशीन पुन्हा सुरू केले, पण एक डोळा वाटीवर ठेवून.

दुपारी चहाचा पहिला घोट दाढेवरून गेला आणि कुशनवाल्याने कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. संध्याकाळी गार पाणी प्यायला तेव्हा तो दोन मिनिटे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बायकोने विचारले तेव्हा, भिंतीला पोपडे आलेत ते बघतोय, असे त्याने सांगितले. दाढ दुखते आहे हे सांगायला त्याची जीभ रेटेना. तीस वर्षे आख्ख्या बाजाराला पोलाद ऐकवले होते. आणि दुखण्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. त्याला दाताच्या डॉक्टरांची भीती वाटत होती. किती वाटते हे त्यालाही त्याच दिवशी कळले, कारण तोपर्यंत तिकडे जायची वेळच आली नव्हती.

मंगळवारी सकाळी मात्र सहन होईना. “दोरा आणायला चाललो,” असे सांगून तो निघाला आणि दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसला. गावात दाताचे डॉक्टर तेवढे एकच.

बाहेरच्या बाकावर दोन माणसे होती. एक निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ बसलेल्या, गालाला रुमाल लावून. दुसरा बसचा कंडक्टर, त्याचा डावा गाल एवढा सुजलेला की त्या बाजूचा डोळा बारीक झाला होता. दोघेही ओळखीचे. या दोघांनाही कुशनवाल्याने कधी ना कधी पोलाद ऐकवले होते.

“तुम्ही इथे?” मुख्याध्यापिकांनी विचारले.

“सहज,” कुशनवाला म्हणाला.

“इथं सहज कोण येतं?” कंडक्टर गालातून बोलला.

नंबर लावणाऱ्या ताईने वही पुढे ओढली. “तक्रार काय?”

कुशनवाल्याने बाकाकडे पाहिले. बाकावरची दोन्ही माणसे कान देऊन बसली होती. “आत सांगतो,” तो म्हणाला. ताईने वहीत तक्रारीच्या रकान्यात ‘आत सांगणार’ असे लिहिले. आधीच्या दोघांना दात बधिर करायचे औषध आत भिनेपर्यंत बसवून ठेवले होते, त्यामुळे याला लगेच आत बोलावले.

डॉक्टर सडपातळ, मृदू बोलणारे. “बसा,” ते म्हणाले, आणि एका ताटलीत हत्यारे मांडू लागले. आकडा होता, सुई होती, चिमटा होता. कुशनवाला स्वतः आयुष्यभर आकडे, सुया आणि चिमटे वापरत आला होता, आणि त्यांनी काय काय करता येते हे त्याला नीट माहीत होते. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. आणि हात धरल्यावर, सवयीने, अंगठ्याने गादी दाबून पाहिली.

गादी मेलेली होती. आतला स्पंज चुरा होऊन एका बाजूला गोळा झाला होता. रेक्झिनला जखमेची पट्टी चिकटवलेली होती. बुडाखाली काहीतरी टोचत होते.

“हं, सांगा, काय होतंय?” डॉक्टर आकडा हातात घेऊन वळले.

“डॉक्टर,” कुशनवाला म्हणाला, “तुमची खुर्ची फार आजारी आहे.”

डॉक्टरांनी आकडा खाली घेतला. कुशनवाला उठला, गुडघ्यावर बसला आणि त्याने खुर्चीच्या बुडाशी कान लावला. मग दोन ठिकाणी बोटाने ठोकून पाहिले.

“कधीपासून असं आहे?”

“काय?”

“हे, बसल्यावर टोचणं.”

“असेल वर्षभर. आधी कधीतरी टोचायचं. आता रोज टोचतं म्हणतात पेशंट.”

“वर्षभर अंगावर काढलंत.” कुशनवाल्याने मान हलवली. “वेळेवर दाखवलं असतं तर वरच्यावर भागलं असतं. आता आतपर्यंत गेलंय.”

डॉक्टरांनी मान खाली घातली. हेच वाक्य ते दिवसातून दहा वेळा दुसऱ्यांना ऐकवत. स्वतः ऐकायची ही पहिलीच वेळ होती, आणि ते किती लागते हे त्यांना आज समजले.

“पण तुम्हाला बोलावलं कोणी?” त्यांनी हळूच विचारले.

“बोलवावं लागत नाही. रस्त्याने जाता जाता ऐकू येतं मला.”

“आणि नंबर लावून आलात.”

“नंबर लावल्याशिवाय तुमची गाठ पडते का?”

“मग काय करायला हवं?” डॉक्टर म्हणाले. “आणि दुखेल का?” हे रोज पेशंटकडून ऐकायच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघाले, मग त्यांचे त्यांनाच ओशाळल्यासारखे झाले.

“आजच उघडावी लागेल,” कुशनवाला म्हणाला. त्या खोलीतून बाहेर पडायचे तर खुर्ची बरोबर घेऊनच पडता येईल, एवढेच त्याला त्या क्षणी दिसत होते. त्याने खिशातून पाना काढला. पाव तासात बैठक, पाठ, डोक्याची उशी आणि दोन्ही हात सुटे झाले. उरला तो लोखंडाचा सांगाडा. सगळे काखोटीला मारून तो बाहेर आला, तेव्हा मुख्याध्यापिका आणि कंडक्टर एकदमच उभे राहिले. आतापर्यंत दोघांचेही गाल औषधाने बधिर झाले होते, त्यामुळे त्यांना काय म्हणायचे होते ते काही कळले नाही.

कोपऱ्यावर मागून घेतलेल्या हातगाडीवर खुर्ची टाकून कुशनवाला निम्म्या वाटेवर आला. एका खड्ड्यात चाक आपटले. दाढेतून कळ निघाली, कानात गेली, आणि त्या कळेबरोबर त्याच्या डोक्यात उजेड पडला. आख्ख्या गावात दाढ दुरुस्त करायची जी एकमेव जागा होती, ती तो हातगाडीवर टाकून घरी नेत होता.

“दोरा?” बायकोने विचारले.

“खुर्ची मिळाली,” तो म्हणाला.

मंगळवारची दुपार आणि बुधवारची सकाळ दुकानात जे चालले ते बायकोने शांतपणे पाहिले. दाढ ठणकली की कुशनवाला खुर्चीवर तुटून पडे. मापे घेई, स्पंज कापी, खसाखस शिवत सुटे. कारण खुर्ची झाली की डॉक्टर, डॉक्टर झाले की सुटका. मग दाढ जरा निवे. निवली की त्याला तो आकडा आठवे, सुई आठवे, आणि शिवलेले सगळे तो उसवायला घेई. “धागा जरा ढिला वाटतोय,” असे तो मोठ्याने म्हणे, कोणी विचारले नसले तरी. बुधवारी बाराच्या सुमाराला खुर्चीची बैठक तीनदा उसवून चौथ्यांदा शिवलेली होती.

“अहो,” बायको म्हणाली, “तुम्ही पाणी डावीकडून पिताय.”

“मग?”

“माणूस मधून पितो.”

“बदल म्हणून.”

“आणि लवंगांची बरणी रिकामी झालीय.”

“उंदीर असतील.”

बायकोने सुईत दोरा ओवला. “उंदरांच्या तोंडाला लवंगेचा वास येत नाही,” ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. हे न बोलणे कुशनवाल्याला कळेपेक्षा जड गेले.

इकडे दवाखान्यात जो कोणी येई त्याला ताई एकच सांगे, “खुर्ची कुशनवाल्याकडे गेलीय.” लोक ऐकून परत घरी गेले असते तर प्रश्न नव्हता. पण दात दुखणारा माणूस घरी बसू शकत नाही. त्याला कुठेतरी जाऊन ताटकळायचे असते. बुधवारी दुपारी कंडक्टर दुकानात आला.

“किती झाली?” त्याने विचारले.

“होतेय.”

“मी बसतो. माझ्यासमोर करा.” आणि तो समोरच्या सोफ्यावर बसला. हा मोठा तीन माणसांचा सोफा एका वकिलांचा होता, नव्या कापडात तयार होऊन जायची वाट पाहत उभा. थोड्या वेळाने मुख्याध्यापिका आल्या आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला ताठ बसल्या. चार वाजेपर्यंत आणखी सहा जण आले. “मी आधी, तुम्ही नंतर,” अशी कुरबूर सुरू झाली, म्हणून कोणीतरी जाऊन नंबर लावणाऱ्या ताईलाच घेऊन आले. ती वहीसकट मशीनशेजारी बसली. पेशंट सगळे इथे, ताई इथे. रिकाम्या दवाखान्यात सांगाड्याकडे बघत बसून डॉक्टर कंटाळले आणि पाच वाजता तेही टॉर्च घेऊन आले.

“नुसतं बघून तरी ठेवतो,” ते म्हणाले.

वकिलांचा सोफा बसका होता. डॉक्टरांना फार वाकावे लागू नये म्हणून चौघांनी तो उचलून कापायच्या टेबलावर ठेवला. मग एकेक जण स्टुलावर पाय देऊन टेबलावर चढे, सोफ्यावर आडवा होई, आणि ताई वरून टॉर्च धरी. बघताना डॉक्टर समजावून सांगत, आणि वाट पाहणारे सगळे ऐकत. सगळ्यांत जास्त ऐकत होता तो कोपऱ्यात पाठमोरा बसून एकच शिवण तासभर शिवणारा कुशनवाला.

“बाई, कीड म्हणजे खरोखरची अळी नसते,” डॉक्टर मुख्याध्यापिकांना सांगत होते.

“पण मी चाळीस वर्षं मुलांना फळ्यावर अळी काढून दाखवली.”

“जंतू असतात, डोळ्याला न दिसणारे. आपण गोड खातो, त्याचे कण दातांच्या फटीत राहतात. ते जंतू खातात आणि आंबट द्रव सोडतात. त्याने दाताचं कवच विरघळतं. कवचात नस नसते, म्हणून तिथं दुखत नाही. खड्डा आत गेला की गार, गरम झोंबायला लागतं. आणखी आत, नसेपर्यंत गेला, की मग ठणका.”

“म्हणजे मी चाळीस वर्षं चुकीचं शिकवलं,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांना दातापेक्षा हेच जास्त दुखले.

कंडक्टरने दुखणाऱ्या दाताशेजारी, हिरडीवर, डोकेदुखीची गोळी रात्रभर दाबून ठेवली होती. तिथे हिरडी पांढरी पडली होती. “गोळी गिळायची असते,” डॉक्टर म्हणाले. “हिरडीवर ठेवली की भाजते. आता दात एक दुखतोय आणि हिरडी वेगळी.”

“आणि लवंग?” कोपऱ्यातून आवाज आला.

“लवंगेने घटकाभर बधिर होतं. दुखणं झाकतं, बरं होत नाही. का हो, तुम्हाला काही…?”

“मला काय होणार? पोलाद आहे,” कुशनवाला भिंतीकडे बघत म्हणाला. आणि सगळे बघताहेत म्हणून त्याने वाटीतले चार खिळे उचलून तोंडात टाकले. डावीकडे. डोळ्यांत आलेले पाणी कोणाला दिसले नाही, बायको सोडून.

गुरुवारी वकीलसाहेब आपला सोफा न्यायला आले. दारातूनच त्यांना तो दिसला. टेबलावर चढवलेला, वर एक अनोळखी इसम जबडा फाकवून आडवा, भोवती दहा-बारा माणसे. वकीलसाहेब आत आले, त्यांनी कोटाची बटणे लावली आणि तोंड उघडले.

“हा काय प्रकार आहे? ही माझी मालमत्ता आहे. मी तुमच्या सगळ्यांवर…”

“तसंच ठेवा,” डॉक्टर म्हणाले.

“काय?”

“तोंड. मिटू नका. ताई, जरा टॉर्च.” डॉक्टरांनी वाकून आत पाहिले. “वरची डावी, शेवटून दुसरी. गोड खाल्लं की झोंबतं ना?”

वकीलसाहेब तोंड उघडे ठेवून विचारात पडले. “कधी कधी,” ते म्हणाले.

“भरून घ्यायला हवी. वेळ आहे अजून.”

“नंबर अकरा,” ताईने वहीत लिहिले. वकीलसाहेबांनी इकडे तिकडे पाहिले, बसायला जागा शोधली, आणि स्वतःच्या सोफ्याखाली टेबलाला टेकून बसले.

आता कुशनवाल्याची पुरती कोंडी झाली. त्याच्या दुकानात, त्याच्यापासून चार हातांवर, सगळ्या गावाचे दात बघितले जात होते, आणि दात न बघितलेला माणूस आख्ख्या दुकानात तो एकटाच. एका शब्दाचा प्रश्न होता. पण तो शब्द बारा माणसांदेखत काढायचा होता, आणि त्यातले बाराही जण त्याच्या खुर्चीसाठी खोळंबले होते. त्या दिवशी बैठक दोनदा उसवली गेली.

“काय करताय हे?” कंडक्टरने विचारले. “मघाशी झाली होती ना शिवून?”

“घाईचं काम नाही हे. नंतर तुम्हालाच टोचेल.”

“आत्ता काय गुदगुल्या होताहेत?”

शुक्रवारी ठणक्याने कळस गाठला. कुशनवाला उभ्याने शिवत होता, चालत शिवत होता, एकदा तर शिवता शिवता रस्त्यावर जाऊन आला. दवाखान्याची खुर्ची त्या एका दिवसात पाठीपर्यंत तयार झाली. कारण त्या दिवशी दाढ एकदाही निवली नाही, आणि त्यामुळे उसवायला उसंतच मिळाली नाही.

शनिवारी पहाटे त्याला जाग आली ती वेगळ्याच कारणाने. काहीच दुखत नव्हते. त्याने जीभ दाढेवर फिरवली. दाढ गप्प. दात आवळून पाहिले. गप्प. उठून गार पाणी तोंडाच्या मधून प्यायला. काही नाही. त्याला एकदम हलके वाटले, वीस वर्षे उतरल्यासारखे.

“उठलीस का गं?” त्याने बायकोला हाक मारली. “आज खुर्ची देऊन टाकू. किती दिवस लोकांना ताटकळवायचं.”

बायको उठून बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

मग त्याने काम केले ते असे केले, की बघत राहावे. मूठभर खिळे तोंडात, उजवीकडे डावीकडे खेळवत, गुणगुणत. नऊपर्यंत हात झाले, दहाला उशी झाली. साडेदहाला डॉक्टर, ताई आणि पेशंट नेहमीप्रमाणे दुकानात आले, तो खुर्ची तयार. नव्या कापडाची, भरदार, कुठेही सुरकुती नाही. लोकांनी हातगाडीची वाट पाहिली नाही. कंडक्टरने बैठक डोक्यावर घेतली, वकीलसाहेबांनी पाठ घेतली, मुख्याध्यापिकांनी उशी उराशी धरली, आणि सगळे सुजलेले गाल रांगेने दवाखान्याकडे निघाले. कुशनवाला पाना घेऊन पुढे. बायको दुकानाला कडी लावून मागे.

अर्ध्या तासात सांगाड्यावर सगळे चढले. डॉक्टरांनी गादी दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. “नंबर एक, या,” ते म्हणाले.

कंडक्टर पुढे झाला. पण कुशनवाल्याने हात आडवा केला. “थांबा. कारागिरानं आधी स्वतः बसून बघायचं असतं. रीत आहे आमची.” अशी काही रीत नव्हती. पण मन एवढे मोकळे झाल्यावर त्याला त्या खुर्चीत न घाबरता बसायची हौस आली होती. तो बसला, मागे रेलला, पाय लांब केले. दाराशी सगळी गर्दी बघत उभी.

“बघून घ्या सगळ्यांनी,” तो म्हणाला. “डॉक्टर, तुमचा टॉर्च मारा. तीस वर्षं खिळे चघळलेलं तोंड आहे. असे दात तुम्ही पुस्तकात पाहिले नसतील.” आणि त्याने तोंड वासले.

डॉक्टरांनी कौतुकाने टॉर्च मारला. मग त्यांचे कौतुक हळूहळू कमी झाले. त्यांनी छोटा आरसा आत घातला. एका हत्याराच्या दांड्याने एका दातावर टकटक केली.

“इथे कळतंय?”

“कळतंय.”

शेजारच्या दाढेवर टकटक केली. “आणि इथे?”

“छे. काहीच नाही.”

गार पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा दाढेला लावला. “गार लागतंय?”

“अजिबात नाही. सांगितलं ना.”

“ही दुखायची कधी थांबली?” डॉक्टरांनी सहज विचारले.

“आज पहाटे,” कुशनवाल्याने अभिमानाने सांगितले.

दाराशी चुळबूळ थांबली. “थांबली?” कंडक्टर म्हणाला. “म्हणजे दुखत होती?”

कुशनवाल्याने उठायचा प्रयत्न केला, पण डॉक्टरांचा आरसा अजून तोंडात होता. “दाढेला उभी चीर गेलीय,” डॉक्टर सांगू लागले. “वर्षानुवर्षं खिळे चावून बारीक बारीक तडे जातात, मग एक दिवस एका खिळ्याचं निमित्त होतं. चिरेतून जंतू नसेपर्यंत गेले.”

आरसा बाहेर आला. “पण आता दुखत नाही ना,” कुशनवाला म्हणाला. “मग झालं. बरी झाली.”

डॉक्टरांनी आरसा ताटलीत ठेवला. मग म्हणाले, “एक सांगा. एखाद्या सोफ्याची स्प्रिंग चार दिवस सारखी कुरकुरली, आणि पाचव्या दिवशी एकाएकी गप्प झाली. गिऱ्हाईक म्हणतं, बरी झाली. तुम्ही काय सांगता?”

“मोडली म्हणून सांगतो,” कुशनवाला म्हणाला. धंद्याच्या बाबतीत तो कधी खोटे बोलला नव्हता.

“मग काय करता?”

“सोफा उघडावा लागेल म्हणतो. नाहीतर ती आतल्या आत बाकीचं फाडत…” इथे त्याचे त्यालाच ऐकू आले आणि तो थांबला.

“तेच,” डॉक्टर म्हणाले. “नस मेलीय, म्हणून दुखत नाही. पण पू खाली हाडाकडे चाललाय. आठवडाभरात तुमचा गाल कंडक्टरसाहेबांना मागे टाकेल. आज दाढ उघडतो, मुळातली मेलेली नस काढून पोकळी साफ करतो. पुढच्या दोन खेपांत आत भरून वर टोपी बसवू. चीर खालपर्यंत गेलेली नसेल तर दाढ वाचेल.”

“दुखेल का?” कुशनवाल्याने अगदी बारीक आवाजात विचारले.

“इंजेक्शनपुरतं. नंतर कळणारही नाही.”

कुशनवाल्याने दाराकडे पाहिले. दारात बारा माणसे उभी होती, त्यामुळे तिकडून वाट नव्हती. त्याने डोळे मिटले आणि स्वतःहून तोंड उघडले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, दात मिटू नयेत म्हणून जबड्यात रबराचा ठोकळा बसवला, आणि हत्यारे मांडायला वळले. ओठ, जीभ आणि अर्धी हनुवटी हळूहळू नाहीशी झाली.

ताई वही घेऊन आत आली. मंगळवारच्या पानावर त्याच्या नावापुढे ‘आत सांगणार’ असे लिहिलेले होते. तिने ते खोडले आणि ‘दाढ’ असे लिहिले. “कधीपासून दुखत होती?”

बोलता येत नव्हते. कुशनवाल्याने हात वर केला आणि पाच बोटे दाखवली.

“पाच दिवस,” ताईने मोठ्याने वाचत लिहिले. “म्हणजे सोमवारपासून.”

दारातल्या बारा माणसांनी मनातल्या मनात वार मोजले. सोमवारी दाढ. मंगळवारी खुर्ची नेली. मग शिवणे, उसवणे, शिवणे, उसवणे. कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

“मला दोन शब्द बोलायचेत,” कंडक्टर म्हणाला.

“मलाही,” वकीलसाहेब म्हणाले.

“गर्दी करू नका,” ताईने वही उघडली. “नंबर एक.”

कंडक्टर खुर्चीशी आला. “चार दिवस,” तो म्हणाला, “मला ‘पुढे सरका’ म्हणता आलं नाही. गाल हलत नव्हता. चार दिवस माझी बस पुढून रिकामी आणि मागून फुटायला आलेली होती. लोक मागच्या दाराला लोंबकळत होते. कोणामुळे?” कुशनवाल्याने नुसती बुबुळे हलवली. “नंबर दोन,” ताई म्हणाली.

मुख्याध्यापिका ताठ उभ्या राहिल्या. “बाकावर उभं केलं असतं,” त्या म्हणाल्या, “पण तुम्ही झोपलेले आहात.” आणि त्यांनी खरे बोलण्यावर पाव तासाचा पाठ दिला. डॉक्टरांचे काम चालूच होते. नंतर बाकीचे आले, कोणी थोडक्यात, कोणी विस्ताराने. नंबर अकराला वकीलसाहेबांनी तोवर बाकावर बसून मुद्दे लिहूनच काढले होते. त्यांचे सात मुद्दे झाले, आणि शिवाय सोफा.

डॉक्टर म्हणाले होते ते खरे निघाले. त्या तासाभरात दाढेचे कुशनवाल्याला काहीही कळले नाही. जे काही सोसावे लागले ते कानांना.

बायको मात्र सगळा वेळ बाहेरच्या बाकावर शांत बसून होती. ताईने वही पुढे करून विचारले, “तुम्हाला काही बोलायचंय का? लावू नंबर?”

“नको,” बायको म्हणाली. “मी घरी बोलेन. तिथं माझा एकटीचाच दवाखाना आहे.”